ज्युदोत आधी पडायलाच का शिकवतात?

मुलीच्या ज्युदोच्या वर्गाबाहेर, गाड्या लावतात तिथे, एका बाबांनी सरांना गाठलं होतं. "सर, तीन आठवडे झाले, आमचा पोरगा नुसता पडूनच राहिला. डाव कधी शिकवता?"

पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी सांगते, नागपुरात 'पडून राहिला' म्हणजे लोळत पडला नव्हे, 'पडतो आहे'. सरांनी विचारलं, "घरी कुठं पडला का एवढ्यात?"

"पडला ना. परवाच सायकलवरून."

"लागलं?"

"खरचटलं थोडं."

"मग एक डाव आला ना भाऊ त्याले."

बाबांचं समाधान झालेलं दिसलं नाही. त्यांचा प्रश्न मला मात्र अगदी ओळखीचा होता, कारण दोन वर्षांपूर्वी मीही तो विचारला होता. फक्त सरांना न विचारता घरी नवऱ्याला विचारला होता, एवढंच. मुलगी आठ वर्षांची असताना तिला घातलं. ती आत पडायची, मी बाहेर बाकावर बसून वह्या तपासायची. मी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. पुढे सरांनी मोठ्यांसाठी सकाळची बॅच काढली आणि वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मीही पांढरा पट्टा बांधून गादीवर उभी राहिले. आज माझा पट्टा नारंगी आहे. संत्रानगरीत नारंगी पट्टा म्हटल्यावर जे विनोद होतात ते सगळे ऐकून झालेत. नारंगी म्हणजे अजून खालूनच मोजायचा, तेव्हा हे सगळं एका शिकाऊ बाईचं सांगणं आहे असंच समजा.

आता पडण्याकडे येऊ.

मी पहिल्यांदा मनापासून पडले ती ज्युदोच्या चार-पाच वर्षं आधी, पावसाळ्यात, आमच्याच इमारतीच्या ओल्या फरशीवर. पाय पुढे सटकला, मी मागे गेले आणि हात आपोआप मागे टेकला. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. फळ्यावर डाव्या हाताने लिहिलेली माझी अक्षरं बघून नववीची पोरं खुदुखुदु हसायची. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडताना हात टेकून मनगट मोडून घेणारे पेशंट त्यांच्याकडे सारखेच येतात. चूक कुणाचीच नाही. पडताना हात पुढे-मागे टाकायचा हे शरीरात मुरलेलं आहे, डोकं वाचवण्यासाठी. पण तळहाताच्या बुडाची जेमतेम दोन-चार चौरस इंचांची जागा आणि तिच्यावर अख्ख्या माणसाचं वजन, हा व्यवहार मनगटाला परवडत नाही.

उभा माणूस कोसळतो तेव्हा त्याची कंबर ताशी साधारण दहा ते पंधरा किलोमीटर वेगाने जमिनीवर येते. सायकलचा वेग म्हणा ना. तो वेग शून्यावर यायलाच हवा, त्यातून सुटका नाही. आपल्या हातात उरतात फक्त दोन गोष्टी: तो किती अंतरात शून्यावर आणायचा आणि किती जागेवर पसरवायचा. क्रिकेटमध्ये झेल घेताना आपण हात चेंडूबरोबर मागे नेतो, ती पहिली गोष्ट. चेंडू एका सेंटिमीटरऐवजी पाच सेंटिमीटरमध्ये थांबवला, तर हाताला बसणारा सरासरी जोर पाचपट कमी होतो. दुसरी गोष्ट शेतकऱ्याला सांगायला नको. चिखलात पाय रुततो, तिथे फळी टाकली की तोच माणूस तिच्यावरून चालत जातो. वजन तेच, जागा वाढली.

ज्युदोत पडण्याच्या तंत्राला 'उकेमी' म्हणतात आणि ते या दोन गोष्टींवरच उभं आहे. मागे पडायचं तर आधी उकिडवं व्हायचं, म्हणजे पडायची उंचीच निम्म्यावर येते. मग पाठ गोल करून झोपाळ्याच्या खुर्चीसारखं मागे लवंडायचं. कंबर, पाठ, खांदे असे एकामागून एक टेकतात, एकदम दाणकन नाही. पाठ टेकते त्या क्षणी दोन्ही हात, अंगापासून थोडे फाकवून, कोपरापासून पंजापर्यंत सपाट गादीवर आपटायचे. हा 'फट्ट' आवाज बाहेर बसलेल्या आयांना धडकी भरवतो, पण त्यात लागत काहीच नाही. आपटल्यामुळे जोर हातांच्या पूर्ण लांबीवर पसरतो. माझ्या मते त्याचा दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. हाताला करायला काहीतरी काम मिळतं, म्हणून तो मागे टेकायला जात नाही. जुनी खोड नुसती 'नको' म्हणून जात नाही, तिच्या जागी दुसरी खोड बसवावी लागते. मला त्याला चार महिने लागले. "हात काहून टेकवून राहिले मॅडम तुम्ही?" हे वाक्य मी सरांकडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही ऐकू येईल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मान. पडताना हनुवटी छातीला लावून स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीकडे बघायचं. आमच्याकडे पाच-सहा वर्षांच्या पोरांना एवढंच सांगतात: "गाठ बघ." का, ते त्यांना कुणी समजावत नाही. त्यांच्या आईबापांना मात्र समजायला हवं.

मेंदू कवटीच्या आत घट्ट बसवलेला नसतो, द्रवात तरंगत असतो. डोकं एकदम थांबलं की कवटी थांबते, पण मेंदू क्षणभर पुढे सरकत राहतो, आणि मेंदूकडून कवटीच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. जोराचा झटका असेल तर त्या फाटतात आणि आत रक्त साचतं. त्यासाठी डोकं जमिनीवर आपटलंच पाहिजे असंही नाही, जोराचा हिसका पुरतो. मान आवळून धरली, गाठीकडे बघितलं, की डोकं धडाबरोबर सावकाश येतं आणि हिसका बसत नाही.

हे घाबरवायला लिहीत नाही. ज्युदोचं माहेर असलेल्या जपाननेच हे फार महागात शिकलं आहे. १९८३ पासूनच्या तीनेक दशकांत तिथल्या शाळांमध्ये ज्युदो खेळताना शंभराहून अधिक मुलं दगावली. बरीचशी डोक्याच्या इजेने, आणि त्यातली पुष्कळशी नवशिकी होती. पडणं अंगात मुरायच्या आधीच मोठ्या मुलांनी त्यांना मागच्या मागे आपटलं होतं. २०१२ पासून जपानने माध्यमिक शाळेत युद्धकला सक्तीच्या केल्या, तेव्हा या आकड्यांवरून तिथे मोठा वाद झाला आणि प्रशिक्षणाचे नियम बदलावे लागले. फ्रान्समध्ये नोंदणीकृत ज्युदो खेळाडू जपानहून कितीतरी जास्त, त्यात बहुतेक मुलंच, पण तिथे अशी मालिका घडली नाही. तिथे पैसे घेऊन ज्युदो शिकवायचा तर सरकारमान्य पात्रता लागते. म्हणजे खेळ तोच, फरक शिकवणाऱ्यात आणि घाईत. तीन आठवडे नुसतं पाडणारे सर मिळाले असतील, तर ते बाबा नशीबवान आहेत. त्यांना हे सांगायला हवं होतं, पण तोवर त्यांनी गाडीला किक मारली होती.

कपाट सरकवण्याची युक्ती

पडणं आलं की पाडणं. इथे ज्युदोबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं: यात लहानसा माणूस मोठ्या माणसाला सहज लोळवतो. हे अर्धं खरं आहे.

घरात लोखंडी कपाट सरकवायचं असतं तेव्हा आपण काय करतो? ढकलून ते हलत नाही. मग आपण त्याला एका कोपऱ्यावर तिरकं करतो आणि त्या कोपऱ्यावर फिरवत फिरवत 'चालवतो'. कपाटाचं वजन तेवढंच असतं, पण ते चार पायांवर नसून एका कोपऱ्यावर आलेलं असतं. ज्युदोतला प्रत्येक डाव असाच सुरू होतो. समोरच्याची बाही आणि कॉलर धरून त्याला आधी त्याच्या पायांच्या बाहेर तिरकं करायचं, याला 'कुझुशी' म्हणतात. मग आपण योग्य जागी शिरायचं, आणि शेवटी टाकायचं. नवशिक्यांचं सगळं लक्ष शेवटच्या टाकण्यावर असतं, म्हणून त्यांचा डाव लागत नाही. सरळ उभं कपाट उचलायला गेल्यासारखं होतं.

'ओ-गोशी' म्हणजे कमरेवरून टाकायचा डाव बघा. माझी बॅचमधली जोडीदार माझ्यापेक्षा उंच आणि अकरा किलोंनी जड आहे. तिला पुढच्या बोटांवर येईल एवढं ओढलं, गुडघे वाकवून माझी कंबर तिच्या कमरेच्या खाली नेली आणि वळले, की तिचं पोट माझ्या पाठीवर येतं. आता उचलायचं काही उरतच नाही. गुडघे सरळ केले की तिचे पाय गादी सोडतात. पण माझी कंबर दोन इंच वर राहिली, तर मी देवाला गाऱ्हाणं घातलं तरी ती हलत नाही. आठवीला तरफ शिकवताना मी आता पाठ्यपुस्तकातला सी-सॉ सोडून हेच उदाहरण देते.

उरलेलं अर्धं सत्य असं की वजनाला अर्थ असतोच. नसता तर ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे सात आणि बायकांचे सात वजनगट कशाला ठेवले असते? तंत्र सारखं असेल तर जड माणूस भारी पडतो. तेव्हा 'तुमची नाजूक मुलगी गुंडाला लोळवील' अशी जाहिरात दिसली तर तिकडे फिरकू नका. स्वसंरक्षणाचा पहिला नियम पळणं आणि ओरडणं हाच. ज्युदोने एवढं होतं की कुणी मनगट किंवा ओढणी धरली, तर मुलगी जागच्या जागी थिजत नाही. कारण धरलं जाणं, ओढलं जाणं, खाली दाबलं जाणं हे तिच्या शरीराला नवं राहिलेलं नसतं. माझ्या लेखी हे कमी नाही.

'ज्यु' म्हणजे मऊपणा, वाकून जाणं. 'दो' म्हणजे मार्ग. जिगोरो कानो या जपानी शिक्षकाने हा खेळ बसवला. शाळेत असताना किरकोळ अंगाचा म्हणून धटिंगण पोरांचा मार खाल्लेला हा मुलगा, जुजुत्सू ही जुनी जपानी झुंजकला शिकला आणि तिच्यातले जीवघेणे प्रकार सरावातून बाजूला काढून १८८२ मध्ये टोकियोतल्या एका देवळात, बारा चटयांच्या खोलीत, नऊ विद्यार्थी घेऊन शिकवायला बसला. बारा जपानी चटया म्हणजे आपल्याकडची ऐसपैस बैठकीची खोली. मऊपणाचं कोडं तो आकड्यांनी सोडवायचा. समोरच्याची ताकद दहा, माझी सात. मी अडून उभा राहिलो तर हरणार. पण त्याने ढकललं तेवढाच मी मागे सरलो, तर तो स्वतःच्या जोरानेच पुढे झुकतो. झुकलेल्या माणसाची ताकद दहा राहत नाही, तीनवर येते. माझी सातची सात शाबूत. मग त्याला हरवायला माझी निम्मी ताकदही पुरते.

हा माणूस पोटापाण्यासाठीही शिक्षकच होता, आणि १९०९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर गेलेला पहिला आशियाई. १९३६ ला तो बर्लिनला होता, टोकियोला ऑलिंपिक मिळावं म्हणून. त्याच उन्हाळ्यात आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी कबड्डीसारखे देशी खेळ दाखवायला बर्लिनला गेली होती. आणि त्याच्याही आधी, १९२९ मध्ये, रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात ज्युदो शिकवायला ताकागाकी नावाचे जपानी गुरुजी बोलावून घेतले होते. म्हणजे हा खेळ आपल्याकडे मार्शल आर्टच्या सिनेमांबरोबर आला असं ज्यांना वाटतं, त्यांनी तारखा बघाव्या.

आमचे एक काका नागपूरच्या महाल भागातल्या आखाड्यात घुमलेले. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "आपल्या कुस्तीत काय कमी आहे वं? हे तुझं खांद्यावरून टाकणं म्हणजे आपला धोबीपछाडच की." बरोबर आहे त्यांचं. ज्युदोतली 'सेओई-नागे' आणि धोबीपछाड सख्खी चुलत भावंडं आहेत. आखाड्यातली ताक, तेल, हळद घालून मळलेली तांबडी माती उत्तम गादीच्या तोडीची असते. कुस्ती जवळ असेल आणि वस्ताद चांगला असेल तर जरूर कुस्तीला घाला. पण शहरातल्या मुलींना, नोकरी करणाऱ्या चाळिशीतल्या बाईला आखाडा किती ठिकाणी उघडा आहे, या प्रश्नावर काका मिशीत हसले आणि चहा मागितला.

मुलांना नेमकं काय मिळतं

एकाग्रता वाढते, मार्क वाढतात, आत्मविश्वास फुलतो, असं पत्रकात छापलेलं असतं. मी शिक्षिका आहे, असल्या यादीवर माझा चटकन विश्वास बसत नाही. ज्याच्याबद्दल खात्रीने बोलता येतं ते आधी सांगते.

हाडं. आयुष्यभर पुरवायचा हाडांचा साठा विशीपर्यंत बहुतेक जमा झालेला असतो, त्यानंतर भर फारशी पडत नाही, खर्चच जास्त. हाड मजबूत व्हायचं तर त्याच्यावर भार यावा लागतो, तोही वेगवेगळ्या दिशांनी आणि थोड्या धक्क्याने. पोहणं फुप्फुसांना उत्तम, पण पाणी भार उचलून घेतं, त्यामुळे हाडांना त्यातून फारसं मिळत नाही. ज्युदोत ढकलणं, ओढणं, उड्या, पडणं सगळंच आहे, आणि ज्युदो खेळणाऱ्यांची हाडं घट्ट असल्याचं तपासण्यांत दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी तासभर अंगमेहनत करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू-हाडं मजबूत करणारं काही करावं, असं सांगते. आठवड्यातून तीनदा भरणारा वर्ग ही दुसरी अट पुरी करतो. रोजच्या तासासाठी मात्र त्यांना खाली खेळायला सोडावंच लागेल.

दुसरी गोष्ट तपासणीत न दिसणारी, पण मी दोन वर्षं रोज बघते आहे. ज्युदोत दोन शब्द आहेत: टाकणारा 'तोरी' आणि पडणारा 'उके'. एकट्याने हा खेळ शिकताच येत नाही. मला डाव शिकायचा तर कुणीतरी स्वतःचं शरीर मला वापरायला द्यावं लागतं. म्हणून टाकणाऱ्याला एक काम शेवटपर्यंत करावं लागतं: पडणाऱ्याची बाही सोडायची नाही. टाकता टाकता ती वर ओढून धरायची, म्हणजे तो कुशीवर नीट पडतो आणि डोकं वर राहतं. आमच्या वर्गात एक दांडगट मुलगा होता, वय दहा. डाव छान लागायचा आणि लागला की जिंकल्याच्या आनंदात हात सोडून द्यायचा. सरांनी ओरडाआरडा केला नाही. महिनाभर त्याच्या डावाला एवढंच विचारलं, "बाही कुठं आहे?" हातात असेल तर डाव धरायचा, नसेल तर परत. आता तो टाकतो आणि टाकलेल्या पोराकडे खाली बघतो. नुसता तेवढा अर्धा सेकंद. त्याच्या आईला हा फरक अजून दिसलेला नाही, ती अजून पदकांबद्दलच विचारते.

तिसरी, दोनदा थोपटणं. खाली दाबून धरलंय, सुटता येत नाही, दुखतंय, की समोरच्याच्या अंगावर किंवा गादीवर दोनदा थोपटायचं. त्या क्षणी पकड सुटलीच पाहिजे. वाद नाही, 'अजून थोडं' नाही. मुलामुलींनी एकमेकांच्या अंगावरचा हा हक्क सहा-सात वर्षांच्या वयात, काहीही न समजावता, शिकून घ्यावा याचं मला अजूनही नवल वाटतं. मुलगा-मुलगी जोडीने सराव करतात म्हणून नाकं मुरडणारे पालक आमच्याकडेही आले. त्यांना मी बाकावर बसवून ही थोपटणी दाखवते.

आणि हो, चंचल मुलं शांत होतात का? काही होतात. अंगातला जोर नियमात बसवून वापरायला मिळाला की ती संध्याकाळी नीट जेवतात, नीट झोपतात, त्यामुळे असेल. माझी मुलगी होती तेवढीच बडबडी राहिली आहे.

डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठीही हा खेळ जमतो, कारण ज्युदो नजरेपेक्षा पकडीवर चालतो. त्यांच्या लढतीत दोघं आधी एकमेकांची पकड घेतात, मगच पंच 'हाजिमे' म्हणजे सुरू म्हणतो. मध्य प्रदेशातल्या सीहोरच्या कपिल परमारला लहानपणी शेतातल्या पंपाचा विजेचा जबर धक्का बसला आणि पुढे त्याची नजर जात राहिली. त्याने २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये कांस्य जिंकलं. ज्युदोतलं भारताचं ते पहिलं पॅरालिंपिक पदक. मणिपूरच्या लिंथोई चनंबमने २०२२ मध्ये कॅडेट म्हणजे किशोरवयीनांच्या गटात जागतिक सुवर्ण आणलं, तोवर कुठल्याही वयोगटात भारताकडे ज्युदोचं जागतिक पदक नव्हतं. आमच्या वर्गातल्या मुलींना क्रिकेटपटूंच्या आधी तिचं नाव सांगता येतं.

मोठ्यांचं काय

चाळिशीत सुरू करताना मला ज्याचा अंदाज नव्हता तो व्यायाम म्हणजे उठणं. एकदा मोजलं: पाऊण तासात मी त्रेपन्न वेळा जमिनीवरून उठले. जेवायला टेबल आलं, भांडी घासायला ओटा आला, तसं आपण जमिनीवर बसणं-उठणं घालवून टाकलं. मांड्या, कंबर, तोल या सगळ्यांची ती रोजची फुकटची कसरत होती. मोठ्यांनी आठवड्यात दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा, हा नियम आता सगळ्यांना पाठ आहे. ज्युदोत दोन्ही एकाच वेळी उरकतात. शिवाय जाड सुती ड्रेस धरून धरून मूठ घट्ट होते. १७ देशांतल्या, त्यात भारतातल्याही, जवळपास १ लाख ४० हजार प्रौढांच्या पाहणीत मुठीची पकड कमकुवत असणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं होतं. याचा अर्थ मूठ आवळली की आयुष्य वाढतं असा नाही. पकड ही एकूण शरीराच्या ताकदीची चुगली करते, एवढाच. माझ्या बाबतीत बरणीची झाकणं आता मीच उघडते.

त्रासही सांगते. बोटांचे सांधे दुखतात. गुडघा आणि खांदा सांभाळावा लागतो. जुनं दुखणं, रक्तदाब, पाठीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. विशीतल्या पोरांबरोबर ईर्ष्येने खेळायला जाऊ नका, मी गेले होते आणि पंधरा दिवस खांद्याला शेक घेत बसले. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की तो ड्रेस म्हणजे अंगावर घोंगडी. आम्ही सकाळी साडेसहाला सुरू करतो, दोन कूलर घरघरत असतात, तरी पाण्याची बाटली आणि लिंबू-मीठ लागतंच. पावसाळ्यात उलट, ड्रेस दोन-दोन दिवस वाळत नाही. ओला ड्रेस आणि मळकी गादी म्हणजे गजकर्णाला आमंत्रण, त्यामुळे नखं कापलेली, पाय धुतलेले आणि चपला गादीच्या काठापर्यंत घालूनच यायचं, यावर सर कुणाचंही ऐकत नाहीत.

वर्ग निवडताना फळ्यावरची पदकं मोजू नका. एक दिवस नुसतं बसून बघा. सराव सुरू होताना पडण्याचा सराव होतो का, नव्या मुलाला तीन वर्षं खेळलेल्या दांडग्याशी झुंजवतात का, लहान मुलांना गळा आवळायचे किंवा कोपर उलटं ताणायचे प्रकार शिकवतात का (ते त्यांच्या वयाचे नव्हेत), आणि डोक्याला मार लागला तर मुलाला त्या दिवशी परत गादीवर सोडतात का. वजनगटात बसवायला मुलाला उपाशी ठेवा असं कुणी सांगितलं तर सरळ घरी या. दर दोन महिन्यांनी नवा पट्टा आणि नवी परीक्षा फी असेल, तर तो धंदा ओळखा. आणि दहावीच्या क्रीडा गुणांसाठी नववीत नाव घालायला येऊ नका, तेवढ्यात धड पडताही येत नाही. जपानच्या ज्युदो महासंघाने २०२२ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली, कारण जिंकण्यापायी प्रशिक्षक आणि आईबापच हाताबाहेर चालले होते. आपल्याकडे स्पर्धेच्या दिवशी गादीच्या कडेला उभं राहून बघा, लगेच पटेल.

राहिल्या सासूबाई. वय चौऱ्याहत्तर. जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यांनंतरचा क्रमांक पडण्याचा, आणि त्यात म्हातारी माणसं जास्त. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मोजून पाहिलं आहे की कुशीवर पडताना हात टेकण्याऐवजी युद्धकलेतल्यासारखं लवंडलं, तर खुब्यावर येणारा जोर साधारण पाव हिश्शाने कमी होतो. स्वीडनमध्ये तर वयस्कांना ज्युदोच्या पद्धतीने पडायला आणि उठायला शिकवण्याचे वर्ग आहेत. हे मी घरी उत्साहाने सांगितलं तेव्हा आई म्हणाल्या, "काय वं, मलेही पाडतं का आता?"

सरांना विचारलं. ते म्हणाले, हाडं ठिसूळ असतील तर पडायचा सराव अजिबात नको, नुसतं जमिनीवर बसणं-उठणं आणि मान आवळणं करू द्या, तेही कुणी जवळ असताना. डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही. त्यामुळे संध्याकाळी सातच्या मालिकेच्या वेळी आई दिवाणाच्या कडेला धरून खाली गादीवर बसतात, उठतात, परत बसतात. जाहिराती लागल्या की पाठीला लोड लावून हळूच मागे कलतात आणि हनुवटी छातीला लावतात. माझी मुलगी बाजूला उभी राहून ओरडते, "आजी, गाठ बघ!" आजीला पट्टा नाही, म्हणून त्या निऱ्यांकडे बघतात.